पाणबुडीतलं पिंप

१२ फेब्रुवारी, शोवा ३ (इ.स. १९२८)

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं रोजनिशी लिहितात असं वाचलं आहे, आणि मोठं व्हायला मला आता फारसं उरलेलं नाही असा माझा समज आहे. बायको कियो म्हणाली, "लिहा की. निदान तेवढा वेळ बोलणार नाही."

मी हिरोनाका तोकुजी, आरमाराच्या गोदीतला मिस्त्री. पाणबुडीच्या आतलं सामान बसवणं माझ्याकडे: खाटा, फळ्या, कप्पे, स्वयंपाकाची चूल. शाळा चार इयत्ता. भूमिती एका जुन्या पुस्तकातून स्वतः शिकलो, शेवटची वीस पानं फाटलेली होती तीही स्वतःच रचली. (दोन ठिकाणी चुकली होती, ते नंतर कळलं.) सध्या जी बोट बांधतोय तिचा क्रमांक लिहीत नाही, कारण गुप्ततेची शपथ घेतली आहे. कियोला सांगितला आहे, पण तिला आकडे लक्षात राहत नाहीत.

आज तिचा धाकटा भाऊ इसाकू आला. तो जुन्या पाणबुडीच्या इंजिनावर होता, आता या नव्या बोटीवर नेमणूक झाली आहे. मागच्या दारातच कियोने त्याला अडवलं.

"थांब तिथेच. कपडे काढ."

"ताई, थंडी आहे गं!"

"मेलेल्या माशाला थंडी वाजत नाही."

"हा माझा वास नाही, सरकारी वास आहे. पगारासोबत मिळतो."

तेल, घाम, कोबी आणि बंद हवा. महिनाभर समुद्रावर आणि अंगाला पाणी नाही! जेवताना मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. आमचे आराखडे मूळ जर्मनांच्या बोटी उघडून शिकलेले. जर्मन माणूस आंघोळीवाचून खुशाल दिवस काढत असेल, त्याच्या आराखड्यात न्हाणी कुठून येणार? पण आपली माणसं? मी पाच भावांत शेवटचा. आजोबा, वडील, चार भाऊ उतरून गेल्यावर त्याच पाण्यात माझी पाळी. गरम पाणी ही गोष्ट मला लहानपणी फक्त ऐकून माहीत होती. आंघोळीचं दुःख मला कुणी शिकवायला नको.

जाहीर केलं, "मी पाणबुडीत न्हाणी बसवणार."

इसाकू म्हणाला, "दाजी, आधी भात संपवा."

२० फेब्रुवारी

कल्पना अशी. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, ते तापून बाहेर जातं. फुकट! त्या नळाला एक फाटा काढायचा, लाकडी पिंपात सोडायचा. बाहेर अंग घासून मग पिंपात गळ्यापर्यंत बसायचं. खारं पाणी असलं म्हणून काय झालं, गंधकाच्या गरम पाण्याचे झरे असतात ना काही, लोक पैसे देऊन बसतात त्यात.

आमचे अभियंते शिओमी साहेब, तोक्योच्या विद्यापीठातले, वय माझ्या निम्मं. आराखडा त्यांनी एकदा सुलटा, एकदा उलटा धरून पाहिला. मग म्हणाले, "विचार करू."

आमच्याकडे "विचार करू" म्हणजे नाही, हे लहान मुलालाही कळतं. पण शिओमी साहेब शिकलेले आहेत. ते शब्द वापरतात ते अर्थासकट. विचार करू म्हणाले, म्हणजे करतील.

९ मार्च

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. रोज सकाळी शिओमी साहेबांकडे जाऊन "विचार झाला का?" एवढंच विचारत होतो. आज त्यांनी पेन उचललं.

"मिस्त्री, मी सही केली तर उद्या तुम्ही येणार नाही ना?"

"नाही, साहेब."

"शब्द?"

"शब्द."

केली. वर म्हणाले, समुद्रावरच्या चाचणीत पिंप पसंत पडलं तर साहाय्यक अभियंता म्हणून माझं नाव वर पाठवतील. म्हणजे पुढचं फाटक! तेवीस वर्षं मी कामगारांच्या फाटकातून जातो, पहारेकरी डबा उघडायला लावतो, खिसे चाचपतो. पुढच्या फाटकातून जाणाऱ्याला तोच पहारेकरी सलाम ठोकतो. चार इयत्तांचा माणूस तिथून गेल्याचं या गोदीत कुणाला आठवत नाही.

घरी येताना टोपी बघितली. करड्या रंगाची, फितीची. नुसती बघितली.

(११ मार्च: घेतली.)

२८ मार्च

पिंपाला हिनोकीचं लाकूड, न्हाणीसाठी वापरतात ते सुवासिक. पिंपं बांधणाऱ्या कारागिराने तांब्याचे पट्टे चढवले. सुगंध असा की बोटीतला रंगारी काम सोडून शेजारी येऊन बसतो.

जागेचा प्रश्न सुटला. इंजिनापाशी हात हलवायला जागा नाही, म्हणून पुढच्या बाजूला, खलाशांच्या खोलीत. तीन खाटा काढाव्या लागल्या. त्यातली एक इसाकूची होती.

"मग मी झोपू कुठे?" त्याने विचारलं.

"आंघोळ केलेल्या माणसाला झोप कुठेही लागते."

त्याने पांघरूण गुंडाळून काखेत मारलं. पटलं असावं.

कियो मात्र भांडी घासता घासता म्हणाली, "तुम्ही त्या पोरांना विचारलंत का, त्यांना आंघोळ हवी आहे का?"

हा काय प्रश्न झाला? माशाला विचारतं का कुणी, पाणी हवंय का म्हणून?

त्या खोलीच्या जमिनीखाली बॅटऱ्या आहेत. बोट पाण्याखाली गेली की इंजिन बंद, सगळं त्यांच्यावर चालतं. त्यांच्यात आम्ल असतं, आणि त्यात समुद्राचं पाणी गेलं तर हिरवट विषारी वायू सुटतो, हे गोदीतल्या मांजरालाही माहीत आहे. म्हणून मी पिंपाचे पाय जमिनीच्या पत्र्याला चार बोल्टांनी आवळले, आणि भोकांभोवती ताग आणि चरबी ठासली. जुनी पद्धत, माझी स्वतःची. मग विहिरीचं पाणी, बर्फासारखं, बादलीवर बादली ओतून पाहिलं. खाली एक थेंब नाही. शिओमी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बारकाव्याचे माणूस आहात." हे वाक्य मुद्दाम इथे लिहून ठेवतो.

१७ एप्रिल

बोटीचे कमांडर मुगिता साहेब पाहणीला आले. कमी बोलणारे, भुवया जाड. पिंपासमोर उभे राहिले. एकदा पिंपाकडे बघितलं, एकदा जिथे खाटा होत्या तिथे.

"हं. लाकूड उत्तम आहे."

मी वाकलो.

"हे काढता येतं का?"

"अजिबात नाही, साहेब! चार बोल्ट. बोट फुटेल, पिंप हलणार नाही."

"असं," ते म्हणाले, आणि अगदी हळू मान हलवली. एवढी पक्की बांधणी त्यांनी पूर्वी पाहिली नसावी.

२ मे

धक्क्याला बांधलेल्या बोटीचं इंजिन चालवून पाहिलं. नळ सोडला. गरम! वाफ! पाणी कोपराने तपासलं, बेचाळीस अंशांच्या आसपास. रंगारी म्हणाला, "मिस्त्री, उतरा की. तुमचंच आहे." पण कसं उतरणार? पहिलं पाणी कमांडर साहेबांचं. मी घातला तो नुसता कोपर, आणि त्याचीही मनातल्या मनात माफी मागितली. पाणी पुन्हा नळाने बाहेर काढलं. जमीन कोरडी ठणठणीत.

उद्या टोपीला ब्रश करणार.

३० मे

कालचं लिहायला हात आज उचलला. जमेल तसं नीट लिहितो.

समुद्रावरची चाचणी. बोटीवर कमांडर मुगिता, पाहुणे म्हणून पथकप्रमुख हाचिया साहेब, पांढऱ्या मिश्यांचे, शिओमी साहेब आणि मी. टोपी घालून गेलो होतो. आत शिरताना झडपेवर आपटून ती तेलात पडली. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

बुडी मारायच्या आधी बोट बराच वेळ पाण्यावरून चालली. इंजिन तापलं, मी नळ सोडला आणि पिंप काठोकाठ भरलं. काठोकाठच हवं, माणूस उतरला की पाणी काठावरून ओघळलं पाहिजे, नाहीतर ती आंघोळ कसली? झाकण नेमकं गायब. शोधलं तर स्वयंपाक्याने त्यावर मुळे चिरले होते.

"लाकूड फार छान आहे हो," तो म्हणाला.

"गाढवा, आता याला मुळ्याचा वास येणार! हे कमांडर साहेबांच्या पाण्यावर ठेवू?"

झाकण बाजूला ठेवलं. मी ठेवलं. दुसऱ्या कुणी नाही.

मग मी जाऊन वर्दी दिली, "पाणी तयार आहे, साहेब."

कमांडर साहेब हाचिया साहेबांकडे वळले. "साहेब, पहिला मान आपला."

"छे छे. बोट तुमची. तुम्ही आधी."

"आपण वडील आहात."

"मी पाहुणा आहे. पाहुण्याने यजमानाच्या आधी पाण्यात उतरायचं? लोक काय म्हणतील?"

"आपण नाही उतरलात तर मला उतरता येणार नाही."

"मग आपण दोघेही थांबू. शिओमी तरुण आहे, दमला असेल."

शिओमी साहेब लाल झाले. "मी? आपल्या आधी? छे! खरं तर मिस्त्रींनीच..."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतका खाली वाकलो की कपाळ पिंपावर आपटलं.

असं फिरत राहिलं. हाचिया साहेब, कमांडर साहेब, पुन्हा हाचिया साहेब. कुणाच्या कपड्याचं एक बटणही सुटलं नाही. खलाशी भिंतीला चिकटून उभे. मला तेव्हा ते दृश्य फार सुंदर वाटलं, खरं सांगतो. माझ्या पाण्यासाठी एवढा आदर!

इसाकू इंजिनाकडून येऊन कानाशी म्हणाला, "दाजी, बुडीची वेळ झाली. पाणी सोडून देऊ का?"

"सोडून? वरिष्ठांचं पाणी, त्यांनी बोटसुद्धा बुडवायच्या आत?"

"मग झाकण तरी."

"मुळ्याचा वास येतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलणार होता, पण बुडीची घंटा झाली आणि तो जागेवर पळाला.

बोटीने नाक खाली केलं. पाण्याला काठाशी काही देणंघेणं नसतं. ते सरळ राहिलं आणि पिंप कललं. अर्धं पिंप गरम पाणी एका लाटेत जमिनीवर. खलाशी हसले, कुणीतरी म्हणालं, "चला, पहिला मान जमिनीचा!" मीही हसलो.

मग वास आला. धोब्याकडे पांढरे कपडे उकळतात तसा, पण घशात नख खुपसणारा. बोल्टांपासून हिरवट काहीतरी वर येत होतं. माझ्या बोल्टांपासून.

"वर! वर घ्या!" कमांडर साहेबांचा आवाज. कुणीही आरडाओरडा केला नाही. सगळे मागे सरकले, मी तोंडावर टोपी धरून उभा. इसाकू एकटा उलट्या दिशेने आला. ओला पंचा तोंडाला, अंगातली बंडी काढून भोकांवर दाबली आणि त्यावर आडवा पडला. बोट वर येऊन झडप उघडेपर्यंत तो तिथेच होता.

सगळे वाचले. त्याला दोघांनी उचलून वर आणलं. डोळे सुजून बंद, खोकला थांबत नाही. आरमाराच्या इस्पितळात आहे.

३१ मे

कियो इस्पितळातून आली. अंडी नेली होती, ती तशीच परत आणली. त्याला गिळता येत नाही.

"काही म्हणाला का?"

"बोलायला नको म्हणून सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, आजची आणि उद्याची रात्र बघायची."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याकडे तो मेल्या माशासारखा यायचा. तसाच यायला हवा होता."

३ जून

इसाकूला धोका टळला. छाती काही दिवस दुखेल. कियोने आज अंडी नेली, रिकामी वाटी परत आणली. वाटीकडे मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. भोकं गळली कशी? मी स्वतः तपासली होती. आज चहा घेताना सुचलं. गोदीतली चरबी खिशात होती, तिचा खडा गरम चहात टाकला. तो वितळला आणि वर सोन्यासारखा तरंगायला लागला.

गरम पाण्याची न्हाणी बांधली, आणि गळती तपासली विहिरीच्या गार पाण्याने. बारकाव्याचा माणूस!

चहा प्यायलो नाही.

६ जून

चौकशी झाली. लांब टेबल, हिरवं कापड, मधोमध तोक्योहून आलेले अधिकारी, नाव कळलं नाही. मी शेवटी, दाराजवळ, स्टुलावर. टोपी मांडीवर, तेलाच्या डागासकट.

अधिकारी म्हणाले, "जबाबदारी कोणाची?"

कमांडर मुगिता उभे राहिले. "माझी. मी वेळेत पाण्यात उतरलो असतो तर पिंप रिकामं झालं असतं."

हाचिया साहेब उभे राहिले. "छे. माझी. मी नको म्हणालो, म्हणून ते थांबले."

"साहेब, बोट माझी आहे."

"मी वडील आहे. दोष आधी माझा."

शिओमी साहेब उठले, चेहरा पांढराफटक. "सही माझी आहे. दोष माझाच." त्यांना हे महागात पडणार, हे मलाही कळत होतं. ते अठ्ठावीस वर्षांचे आहेत.

पुन्हा फिरायला लागलं. तेच तिघं, तेच वाकणं, त्याच क्रमाने. मी दाराजवळ बसून ऐकत होतो, आणि मला जाणवलं की इथेही पाणी काठोकाठ भरलंय आणि कुणीच उतरत नाहीये. माझी पाळी येणारच नव्हती. मिस्त्रीला कोण विचारतं? अधिकारी कागदावर लिहायला लागले, "कारण: पिंप वेळेवर रिकामं न करणं, झाकण नसणं..."

मला राग आला. चुकीचं लिहीत होते हो! पाणी सांडणं वेगळं आणि गळणं वेगळं. बोटीत पाणी रोज सांडतं. सूप सांडतं, लघवी सांडते, बॅटऱ्या मरत नाहीत. एवढी शिकलेली माणसं आणि कारणाचा पत्ता नाही!

"चूक!" मी म्हणालो.

सगळे वळले. मी स्टुलावरून उठलो होतो हे मला तेव्हा कळलं.

"साहेब, तुमचं कारण चूक आहे. पाणी सांडलं म्हणून वायू नाही सुटला. चरबी वितळली म्हणून सुटला. बोल्टांच्या भोकांत मी चरबी ठासली होती. गार पाण्यात ती दगडासारखी असते, म्हणून तपासताना गळली नाही. बेचाळीस अंशांच्या पाण्यात ती गेली. तिथे शिसं हवं होतं, किंवा रबर. दुसऱ्या बोटीवर असं कुणी करू नये म्हणून ते नीट लिहा. शिओमी साहेबांना मी गार पाण्याची चाचणी दाखवली होती. गरम पाण्याची कुणालाच दाखवली नव्हती."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"हिरोनाका तोकुजी. मिस्त्री. चार इयत्ता."

"पुन्हा सांगा. हळू. चरबी किती होती?"

मी हळू सांगितलं. त्यांनी खोडून नव्याने लिहिलं. बरोबर लिहिलं का ते मी वाकून बघितलं. एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त करून घेतला.

बाहेर आल्यावर मुगिता साहेब माझ्याजवळ थांबले. पहिल्यांदाच मनातलं माझ्याशी बोलले. "मिस्त्री, मला गरम पाणी सोसत नाही. लहानपणापासून. अंगावर चट्टे उठतात."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत, साहेब?"

"तुम्ही इतके खूश होतात," ते म्हणाले.

९ जून

पिंप काढलं. चार बोल्ट सोडवायला दुपार गेली, एवढी पक्की बांधणी होती. पाणबुडीत न्हाणी नको, असा निकाल आला. शिओमी साहेबांना ताकीद, पण राहिले. माझं नाव वर गेलेलं नाही. जाणारही नाही. ते सांगताना शिओमी साहेबांना शब्द सापडेनात, म्हणून मीच म्हणालो, "साहेब, विचार करू." ते हसले, मग त्यांनी तोंड फिरवलं.

कामगारांच्या फाटकात पहारेकऱ्याने डबा उघडायला लावला. आज त्याने टोपीही आतून चाचपली.

पिंप टाकून देणार होते. हातगाडीवर घालून घरी आणलं.

२४ जून

इसाकू घरी आला. आवाज घोगरा झाला आहे, गाढवासारखा, असं तोच म्हणतो. बोटीत त्याची खाट परत बसवली आहे. हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलला की मी विचारलं, "म्हणजे खाट गेल्याचं वाईट वाटलं होतं?"

"दाजी, आम्ही तिघं टॉर्पेडोवर झोपत होतो."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही इतके खूश होतात," तो म्हणाला.

हे सगळे ठरवून बोलतात की काय?

अंगणात पिंप बसवलं. नळाच्या भोकात लाकडी खुंटी मारली. चुलीवर पाणी तापवून काठोकाठ भरलं. हिनोकीचा वास अजून जिवंत आहे, मुळ्याचा गेला. मी इसाकूला म्हणालो, "आज पहिलं पाणी तुझं."

"छे! दाजी, घरातले मोठे तुम्ही."

"तू आजारातून उठलास."

"तुम्ही बांधलंय. तुम्ही उतरल्याशिवाय मी पाय बुडवणार नाही."

"इसाकू, माझ्यामुळे तू—"

"दाजी, ते नको. आधी तुम्ही."

"नाही, आधी तू."

वाफ वर जात होती. आम्ही दोघं पंचे गुंडाळून एकमेकांना वाकत होतो. तेवढ्यात छपाक असा आवाज झाला आणि पाणी काठावरून भरभरून ओघळलं. वळून पाहिलं तर पिंपात कियो. गळ्यापर्यंत. डोळे मिटलेले. लग्नाला एकवीस वर्षं झाली. या घरात तिने कायम सगळ्यांच्या मागून आंघोळ केली, आणि ते मी आजपर्यंत कधी मोजलंही नव्हतं.

मी हळूच विचारलं, "कसं आहे?"

"निवत चाललंय तुमच्या बोलण्यात," ती डोळे न उघडता म्हणाली. "लाकडं घाला."

मी चुलीत लाकडं घातली. तिच्यानंतर इसाकू उतरला, त्याच्यानंतर मी. शेवटचं पाणी, लहानपणासारखं. पण खुंटी गळली नाही. गरम पाण्याने तपासली आहे.